कांडी

भूमय्या यमूल गेला.
शोकसभा साखर पेठेत, समाजाच्या सभागृहात,
दुपारी चारला. मे महिना, वर पत्रा, आठ पंखे.
माझ्या कानात मुलानं पुण्याहून आणलेलं नवं यंत्र,
हरभऱ्याच्या डाळीएवढं. फोनशी बोलतं म्हणे.
किंमत मी एकदाच विचारली,
त्या रात्री जेवलो नाही.

यंत्रात पंखे आले. आठही.
खुर्च्या सरकल्या, कुणाची तरी पिशवी चुरचुरली,
मागं एक पोर रडलं.
भूमय्याचं नाव तेवढं आलं नाही.

माईकवाल्या गोवर्धननं भिंतीवरची पाटी दाखवली,
कानाचं चित्र. कानाशी तोंड आणून ओरडला,
"जाजमाखालनं तार फिरवलीय काका, चारी बाजूंनी.
यंत्र टी-वर टाका, माईक थेट कानात."
चारी बाजूंनी तार. म्हणजे चादरीला किनार.
एवढं कळलं मला.
पण टी कुठाय?
त्यानं यंत्र उलटंपालटं केलं, माझा फोन चाळला.
"यात कॉइलच नाही. बारीक करायच्या नादात
कंपनीनं काढून टाकली."
कॉइल म्हणजे काय रे?
"तांब्याची तार. गुंडाळलेली. एवढीशी."

मग कांडी म्हण की!
धोटा दिलाय, आत कांडी नाही.
चाळीस वर्षं बायकोनं कांड्या भरल्या,
मला शिकवतोस?
रिकामा धोटाही पळतो इकडून तिकडं,
आवाज तेवढाच करतो.
कापड होत नाही.

कपाटातनं त्यानं एक डबी आणली,
काड्यापेटीहून थोडी मोठी, गळ्यात अडकवायची.
"यंत्र काढून खिशात टाका, हे हेडफोन लावा.
कांडी हिच्यात आहे."
पोरगं लवकर शिकलं.

आणि पंखे गेले.
खुर्च्या गेल्या, पोर गेलं, अख्खं सभागृह गेलं.
उरला एकटा चंद्रय्या मुकादम,
माझ्या डोक्याच्या आत उभा राहून बोलत होता:
"भूमय्या मागावर सारखा गुणगुणायचा.
लाइट गेली, सगळे माग गप्प झाले,
तरी ह्याचं चालूच. ओळ पुरी करूनच थांबायचा."

बावीस वर्षं त्याचा माग माझ्या डावीकडं.
बोलायचो आम्ही हातानं.
दोन बोटं म्हणजे चहा, मूठ म्हणजे मालक आला,
ओठ रुंद केले की पगार.
त्याचे ओठ हलताना मी रोज बघितले.
वाटायचं, तंबाखू आहे.
आणि लाइट गेली की
मी पहिला बाहेर. बिडी ओढायला.

शेवटी राजव्वाच्या हातात माईक दिला.
तिनं तो मांडीवर ठेवला
आणि तशीच बोलली, आमच्याकडं बघत.
डबीत काही नाही.
माझ्या बाजूचे लोक एकमेकांना विचारत होते,
काय म्हणाली, काय म्हणाली.
मी वाचलं. कारखान्यात वाचायचो तसं.
चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही.

लोक उठले. गोवर्धननं माईक बंद केला.
तरी डबीत काहीतरी राहिलं,
बारीक, एका सुरात, न थांबणारं.
हे काय रे?
"पलीकडची शेड, काका. मागांच्या मोटारी.
त्यांची वीज आपल्या तारेत घुसते.
खोट आहे. पुढच्या सभेपर्यंत काढतो."
तो वायर गुंडाळायला लागला.
मी हेडफोन काढला नाही.

मग लाइट गेली.
पंखे हळूहळू उभे राहिले,
भिंतीपलीकडं माग थांबले असणार, कारण
डबीतलं ते गुणगुणणं मध्येच तुटलं.
बिडीचं बंडल वरच्या खिशात होतं.
सगळे बाहेर गेले, वाऱ्याला.

मी बसून राहिलो.